झिजलेल्या नाण्यांनी शिकवलेलं

बत्तीस वर्षं मी बार्शीला बँकेत रोखपाल होते. नाण्यांच्या पिशव्या उघडायच्या, मोजायच्या, पुन्हा बांधायच्या. छाप पुसलेली, वाकलेली, कडा खाल्लेली नाणी बोटांना आपोआप कळायची. ती वेगळ्या पिशवीत जायची, कारण त्यांचं चलनातलं आयुष्य संपलेलं असायचं. झिजलेलं नाणं म्हणजे निकामी नाणं, असंच माझ्या हातांना वळण लागलं होतं.

निवृत्तीनंतर मुलीकडे न्यूकॅसलला जाणं-येणं सुरू झालं. या गावाचं रोमन नाव पॉन्स एलियस, म्हणजे एलियसचा पूल. एलियस हे सम्राट हेड्रियनचं घराणं, आणि इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली त्याची सुमारे ११७ किलोमीटरची भिंत इथूनच जाते. तिथल्या नाणेप्रेमींच्या एका मंडळात मुलीने मला नेलं. एका वृद्ध सभासदाने माझ्या तळहातावर एक जाडजूड, काळपट-हिरवं नाणं ठेवलं. एकोणीसशे वर्षांपूर्वीचं. चेहरा जवळजवळ गेलेला. माझं बोट सवयीने त्याच्यावरून फिरलं आणि त्या क्षणी हे सगळं सुरू झालं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. सोन्या-चांदीच्या वाटेला मी गेले नाही. माझी नाणी तांब्या-पितळेची, भाकरीवाल्याच्या गल्ल्यातली. त्यांनी जे शिकवलं ते इथे मांडते.

१. आधी धातू ओळखा, राजा नंतर

‘रोमन ब्राँझ’ हा सरसकट वापरायचा शब्द आहे. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळे धातू येतात आणि मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ते सांगावे लागत नाहीत. पाण्याचा तांब्या तांब्याचा, समई पितळेची आणि तळपायाला तूप चोळायची वाटी काशाची. तांब्यात कथील घातलं की कासं, जस्त घातलं की पितळ.

इ.स.पूर्व २३ च्या सुमारास ऑगस्टसने नाण्यांची घडी बसवली, तेव्हा मोठं सेस्टर्शियस आणि त्याच्या निम्म्या किमतीचं ड्युपॉन्डियस ही पितळेची केली. अ‍ॅस आणि त्याचा चौथा हिस्सा असलेलं क्वाड्रन्स ही तांब्याची. चार सेस्टर्शियस म्हणजे चांदीचा एक डिनारियस, आणि सोळा अ‍ॅस म्हणजेही एक डिनारियस. ड्युपॉन्डियस आणि अ‍ॅस आकाराने जवळजवळ सारखे. बाजारात लोक ते रंगावरून ओळखत, पिवळं ते दुप्पट, लाल ते एकपट. पुढे नीरोच्या काळापासून ड्युपॉन्डियसवर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट दिसू लागला. आज दोन्ही नाणी हिरवी-काळी झालेली असतात, त्यामुळे रंग उपयोगी पडत नाही आणि मुकुटच पाहावा लागतो.

चांगलं सेस्टर्शियस सुमारे २५ ग्रॅमचं. आपलं जुनं जाड पाच रुपयाचं नाणं ९ ग्रॅमचं होतं, म्हणजे तशी जवळजवळ तीन नाणी एकात. ते हातात घेतलं की रोमची श्रीमंती डोळ्यांआधी मनगटाला कळते.

पितळेची एक गोष्ट मला फार शिकवून गेली. रोमन कारागीर तांबं, जस्ताची खनिज माती आणि कोळसा बंद मुशीत तापवून पितळ करत. ते पितळ पुन्हा वितळवलं की दर वेळी थोडं जस्त उडून जातं. जुनी नाणी वितळवून नवी पाडत गेल्यामुळे दोन शतकांत सेस्टर्शियसमधलं जस्त उतरत गेलं. साम्राज्याची ओढाताण इतिहासात लिहिली जाण्याआधी धातूत उतरली होती.

२. चिंच बाजूला ठेवा

माझ्या पहिल्या खरेदीतलं एक नाणं मी स्वतःच्या हातांनी घालवलं. कॉन्स्टंटाइनच्या काळचं, बोटाच्या पेराएवढं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा, दुसऱ्या बाजूला लांडगीण आणि तिला लुचणारी दोन बाळं. दर दिवाळीला देवघरातली पितळ चिंच-मिठाने लख्ख करण्यात माझं आयुष्य गेलेलं. मी तेच केलं. दहा मिनिटांत नाणं गुलाबी झालं आणि लांडगिणीचं तोंड गेलं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मंडळातल्या त्या वृद्ध गृहस्थांनी शांतपणे समजावलं. जमिनीत शेकडो वर्षं पडलेल्या तांब्याचा वरचा भाग धातू राहत नाही, त्याचं खनिज होतं. कोरीव कामाचे बारकावे त्या हिरव्या थरातच उरलेले असतात. तो काढला की खाली असतो तो खाल्लेला, खडबडीत गाभा. आपण मळ म्हणून जे घासतो, तेच चित्र असतं.

आता मी नाणं ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवते, दर काही दिवसांनी पाणी बदलते आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहते. मग भिंगाखाली लाकडी काडीने सुटी माती कणाकणाने काढते. जिथे काडी अडते तिथे मी थांबते.

एका रंगाची मात्र धास्ती बाळगावी. थर गुळगुळीत, घट्ट, गडद हिरवा असेल तर नाणं निरोगी. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर आत क्षार आहेत, आणि हवेतल्या ओलाव्याने ते धातू खात राहतात. त्या नाण्याला तातडीने वेगळं काढून कोरड्या डबीत ठेवावं लागतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे विसरूच नये.

३. चेहरा ओळखीपुरता, बोलते ती पाठ

नवखा माणूस सम्राटाचा चेहरा गोळा करतो. मीही तेच केलं. नंतर लक्षात आलं की चेहऱ्याची बाजू ‘कोण’ एवढंच सांगते. ‘काय’ ते मागे असतं. वर्तमानपत्र नव्हतं त्या काळात सरकारचं म्हणणं खेडोपाडी जायचं ते याच बाजूने. सेस्टर्शियसचा आकार मोठा, म्हणून चित्रकाराला जागाही भरपूर. नीरोने त्यावर ऑस्टियाचं बंदर गलबतांसकट बसवलं, टायटसने कलोसियम आतल्या माणसांसह.

माझ्या मनात घर केलेलं चित्र मात्र हेड्रियनचं आहे. इ.स. ११८ मध्ये त्याने सरकारची थकलेली येणी माफ केली. त्या सेस्टर्शियसवर एक लिक्टर, म्हणजे अधिकाऱ्यापुढे दंडांची जुडी घेऊन चालणारा चोपदार, कागदपत्रांच्या ढिगाला मशाल लावतो आहे. भोवतीचा लेख सांगतो की नव्वद कोटी सेस्टर्शियसची जुनी बाकी रद्द केली. त्या काळी पायदळातल्या सैनिकाचा वर्षाचा पगार बाराशे सेस्टर्शियस होता. म्हणजे साडेसात लाख सैनिकांचा वर्षभराचा पगार त्या ढिगात जळत होता.

लिलावाच्या सूचीत हे नाणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ते पान कितीतरी वेळ उलटू शकले नाही. १९९० च्या कर्जमाफीत मी बँकेत होते. याद्या लागायच्या. नाव सापडलेला शेतकरी आधी हात जोडायचा, मग भिंतीला टेकून बसायचा. नाव नसलेला दुसऱ्यांदा यादी वाचायचा. खात्यावरची एक रेघ माणसाच्या पाठीवर किती वजन टाकते ते मी काउंटरच्या जाळीतून पाहिलं आहे.

आणि मला सुपे आठवलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं काढून जाळली. आग तीच, कागद तेच. मशाल कुणाच्या हातात होती एवढाच फरक. सुप्यातल्या हातांना बेड्या पडल्या, रोममधल्या हाताचं नाणं झालं. तेव्हापासून कुठलंही नाणं पाहताना मी पहिला प्रश्न हाच विचारते, चित्रात मशाल कुणाकडे आहे?

४. एकच झाड दोनदा पाहा

रोमन नाण्यांवर ताडाच्या जातीचं खजुराचं झाड वारंवार येतं. एका झाडाची दोन नाणी शेजारी ठेवली तेव्हा मला पूर्ण गोष्ट दिसली.

पहिलं व्हेस्पेझियनचं, इ.स. ७१ चं. आदल्या वर्षी त्याच्या मुलाने, टायटसने, जेरुसलेम घेतलं आणि यहुद्यांचं मंदिर जळालं. सेस्टर्शियसवर मधोमध खजुरीचं झाड, त्याखाली हातावर डोकं टेकून बसलेली स्त्री. बाजूला कधी हात बांधलेला कैदी, कधी विजयी सेनापती. लेख आहे ‘यूदाया काप्ता’, यहुदी भूमी जिंकली. टांकसाळीला विजय दाखवायचा होता. पण कोरणाऱ्याच्या हाताने त्या बाईची पाठ इतकी खरी वाकवली आहे की आज पाहताना विजय दिसत नाही, फक्त ती दिसते. आपल्याकडे सुतकात कोपऱ्यात बसलेली बाई अशीच बसते.

दुसरं नाणं पंचवीस वर्षांनंतरचं, नर्व्हाचं, इ.स. ९६ मध्ये सुरू झालेलं. तेच झाड. खाली कुणीही नाही. मंदिर पडल्यावर यहुद्यांनी त्या मंदिराला द्यायची वर्गणी रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिरासाठी कर म्हणून घेतली जाऊ लागली, माणशी वर्षाला दोन डिनारियस. डोमिशियनच्या राज्यात ही वसुली फार कडक झाली. रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवलंय की नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याचा सदरा भर कचेरीत उतरवून तो यहुदी आहे का हे तपासताना त्याने स्वतः पाहिलं. नर्व्हाच्या नाण्यावरचा लेख सांगतो की या करातला खोट्या आरोपांचा जाच उठवला. कर उठवला असं तो म्हणत नाही.

मी हे दोन्ही लेख शब्दाशब्दाने लावले तेव्हा शिकले, सरकारचं वाक्य वाचताना जे लिहिलंय ते वाचावं, आणि जे लिहिलेलं नाही तेही तितक्याच नीट वाचावं. झाडाखालची बाई चित्रातून उठली. घरी मात्र ती परतली नाही.

५. अर्धं नाणं फुटकं नसतं

एका तबकात मला अर्धं कापलेलं नाणं दिसलं. बँकेतली मी असते तर ते तिथेच बाजूला टाकलं असतं. पण कापणी सरळ होती, छिन्नीने केलेली.

ते दक्षिण फ्रान्समधल्या नीम गावचं होतं. तेव्हाचं नाव नेमाउसुस. ऑगस्टसच्या काळातल्या या नाण्यावर एका बाजूला ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिपा पाठीला पाठ लावून. दुसऱ्या बाजूला खजुरीच्या झाडाला साखळीने बांधलेली मगर. मगर म्हणजे इजिप्त, साखळी म्हणजे अँटनी आणि क्लिओपात्रा यांच्यावरचा विजय. ती मगर नीम शहराच्या चिन्हात आजही आहे.

त्या काळी पश्चिमेकडच्या छावण्यांत सुट्या पैशांचा तुटवडा होता. मग लोकांनी अ‍ॅस मधोमध कापून अर्ध्या किमतीला चालवलं. या नाण्याला ते सोयीचंच, एका तुकड्यावर ऑगस्टस, दुसऱ्यावर अग्रिपा. सम्राट आणि सेनापती छिन्नीखाली वेगळे झाले, कारण कुणाला तरी मोड हवी होती.

सुट्याच्या टंचाईची मला ओळख आहे. चिल्लर नाही म्हणून दुकानदार हातावर गोळी ठेवायचा, ते दिवस मी काउंटरच्या अलीकडून आणि पलीकडून असे दोन्हीकडून काढले. म्हणून तो अर्धा तुकडा मी घेतला. माझ्या संग्रहातलं ते सर्वांत प्रामाणिक नाणं आहे. त्याच्यावर सरकारचं म्हणणं आहे आणि गिऱ्हाइकाची गरजही आहे.

६. नाणं लहान झालं की चित्रातून काय गळतं ते बघा

इ.स. २९४ च्या सुमारास डायोक्लेशियनने नवं मोठं तांब्याचं नाणं काढलं. वजन साधारण १० ग्रॅम, वर चांदीचा पातळ मुलामा, मागे रोमन जनतेची रक्षक देवता. महागाई रोखायला त्याने इ.स. ३०१ मध्ये कमाल किमतींचं फर्मानही काढलं. महागाई थांबली नाही, नाणं मात्र रोडावत गेलं.

हे रोडावणं माझ्याकडे दोन नाण्यांत आहे. दोन्ही कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातली, दोन्हींवर ‘ग्लोरिया एक्सर्सितुस’, सैन्याचा गौरव. इ.स. ३३० नंतरच्या नाण्यावर दोन सैनिक समोरासमोर उभे, मध्ये दोन ध्वजदंड. ३३५ च्या आसपास वजन पावणेदोन ग्रॅमपर्यंत उतरलं. जागा उरली नाही. कोरणाऱ्याने एक दंड काढून टाकला. सैनिक तेच, लेख तोच, गौरवही तोच, ध्वज मात्र एक.

३० जून २०११ ला चार आण्याचं नाणं कायमचं बंद झालं तेव्हा मी नोकरीत होते. त्या आठवड्यात म्हाताऱ्या बायका पुरचुंड्या घेऊन आल्या होत्या. नाणं मरतं ते एका दिवसात नव्हे. आधी त्याचा धातू बदलतो, मग ते लहान होतं, मग भिकारीही ते घेत नाही, आणि सर्वांत शेवटी सरकार ते रद्द करतं. रोमच्या त्या एका गळालेल्या ध्वजदंडाने मला हा क्रम लख्ख दाखवला. मोठ्या घोषणेखालचं चित्र मोजून बघावं, काय कमी झालंय ते तिथे कळतं.

७. शब्द नाण्यापेक्षा जास्त जगतो

रोमच्या प्रजासत्ताकातल्या अ‍ॅसवर एका बाजूला दोन तोंडांचा देव जेनस आणि दुसऱ्या बाजूला जहाजाची नाळ असे. पोरं नाणं उडवताना ‘डोकी की जहाजं’ असं ओरडत. नाण्यावरून जहाज गेलं, जेनस गेला, त्यांच्या जागी सम्राट आले. तरीही पाचव्या शतकातला लेखक मॅक्रोबियस नोंदवतो की पोरं अजून ‘डोकी की जहाजं’च म्हणतात.

आपल्याकडे आणे १९५७ मध्ये गेले. तरी ‘चार आण्याचीही किंमत नाही’ हे आम्ही परवापर्यंत म्हणत होतो, माझा नातू न्यूकॅसलमध्ये माझ्याकडून ते शिकलाही. डिनारियस म्हणजे मुळात ‘दहाचं’, दहा अ‍ॅसचं नाणं. त्याची किंमत सोळा अ‍ॅस झाली तरी नाव दहाचंच राहिलं. तेच नाव समुद्र ओलांडून आलं आणि संस्कृतात ‘दीनार’ झालं. नाणी वितळतात. जिभेवरचं नाणं वितळत नाही.

८. काही नाणी खर्चासाठी नसतात

हेड्रियनच्या भिंतीवर कॅरोबर्ग नावाची जागा आहे. मिथ्र देवाच्या छोट्या मंदिराचे दगड तिथे उघड्यावर दिसतात, आणि जवळच पाणथळ गवतात कॉव्हेंटिना नावाच्या जलदेवतेचा झरा होता. १८७६ मध्ये जॉन क्लेटन यांनी तो उपसला. आतून तेरा हजारांहून जास्त नाणी निघाली. तिथल्या शिळा चेस्टर्सच्या संग्रहालयात आहेत. एका शिळेवर तीन जलदेवता ओळीने बसल्या आहेत, हातात पाण्याची भांडी. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि माहेरच्या विहिरीवरचे शेंदूर लावलेले साती आसरांचे दगड डोळ्यांपुढे आले. हात आपोआप जोडले गेले.

त्या नाण्यांत तीनशेहून अधिक अ‍ॅस एकाच प्रकारचे होते. अँटोनायनस पायसने इ.स. १५४-५५ मध्ये पाडलेले. त्यांच्यावर ब्रिटानिया, खडकावर बसलेली, डोकं हाताला टेकवलेलं, शेजारी ढाल. जिंकलेल्या मुलखाचं हे रूप आहे, म्हणून ती खिन्न आहे. हे नाणं बहुतांश ब्रिटनमध्येच सापडतं, म्हणजे ते या बेटासाठीच होतं. भिंतीवर पहारा करणाऱ्या शिपायांच्या कमरेच्या पिशवीत ती खिन्न बाई होती, आणि तिला त्यांनी देवीच्या पाण्यात सोडलं. काय मागितलं असेल? थंडी कमी होऊ दे, ताप उतरू दे, घरचं पत्र येऊ दे. गोदावरीच्या पुलावर गाडी आली की माझी आई खिडकीतून नाणं टाकायची आणि ओठ हलवायची. काय मागते ते तिने कधी सांगितलं नाही.

खिन्न ब्रिटानियाचं पुढे काय झालं तेही सांगते. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तिला इंग्लंडच्या तांब्याच्या नाण्यांवर आणलं, आता मान ताठ करून. १८९५ पासून पूर्वेकडच्या व्यापारासाठी चांदीचे डॉलर पाडले गेले, त्यांच्यावर ती त्रिशूळ घेऊन उभी आहे, आणि त्यातले कितीतरी आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पडले. जिंकलेल्या बेटाचं चित्र जिंकणाऱ्या राज्याचं झालं. चित्राची मालकी बदलते, हे यापेक्षा स्पष्ट मला कुणी सांगितलं नाही.

९. कुठून आलं ते विचारल्याशिवाय घेऊ नका

पहिली दोन वर्षं मी हा प्रश्न विचारला नाही. नाणं आवडलं, परवडलं, घेतलं. माझी नजर बदलली ती सॉमरसेटमधल्या फ्रोमच्या ठेव्यामुळे. एप्रिल २०१० मध्ये धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका माणसाला शेतात नाणी लागली. खाली मडकं आहे असं दिसताच त्याने खणणं थांबवलं आणि जाणकारांना बोलावलं. त्यांनी मडकं जागेवरच थराथराने रिकामं केलं. नाणी निघाली ५२,५०३, वजन सुमारे १६० किलो. सगळ्यांत नवी नाणी होती ती ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या करॉशियसची, आणि त्यातली बहुतेक वरच्या थरात नसून बरीच खाली होती. म्हणजे हे कुणी वर्षानुवर्षं थोडं थोडं साठवलेलं नव्हतं, एकाच वेळी ओतलेलं होतं. तो माणूस थांबला म्हणून हे कळलं. फावड्याने ओढून काढलं असतं तर उरली असती फक्त नाणी.

नाण्याला जन्मतारीख असते, तसा पत्ताही असतो. पत्ता फाडलेलं नाणं मुकं होतं. इंग्लंडमध्ये असा ठेवा १९९६ च्या कायद्याने कळवावाच लागतो. आपल्याकडेही १८७८ पासून निखात निधीचा कायदा आहे, आणि जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू कळवणं बंधनकारक आहे. आता मी आधीचा मालक, आधीची पावती, जुनी सूची पाहते. नसेल तर नाणं परत तबकात ठेवते, कितीही जीव अडकला तरी.

१०. घराजवळचं आधी पाहायला हवं होतं

बार्शीहून तेर जवळ आहे. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव तगर. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं, तिथून जहाजाने पश्चिमेला. बत्तीस वर्षांत मी तिथल्या लामतुरे संग्रहालयात पाऊल टाकलं नव्हतं. न्यूकॅसलहून परतल्यावर टाकलं.

रोमन लेखक थोरला प्लिनी कुरकुरतो की हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस खाऊन टाकतो. हिशेब सेस्टर्शियसमध्ये, पण प्रत्यक्षात आलं ते सोनं आणि चांदी. तांब्या-पितळेची वजनदार नाणी इतक्या दूर आणणं कुणाला परवडणार? खुर्दा घरीच राहतो. बारीक रोमन तांब्याची नाणी तमिळ मुलखात आणि श्रीलंकेत मोठ्या संख्येने सापडतात, पण ती चौथ्या-पाचव्या शतकातली. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेलं कासं आलं ते समुद्रदेव पोसायडनच्या सुबक मूर्तीच्या रूपात.

तेरला मात्र एक वेगळीच गोष्ट सापडली आहे, रोमन नाण्यांच्या छापाची मातीची पदकं. म्हणजे रोमन सम्राटाचा चेहरा इथल्या कुणाला इतका आवडला की तो मातीत उठवून अंगावर मिरवला. त्या माणसाला सम्राट टायबेरियस कोण ते ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याने चित्र घेतलं, सत्ता घेतली नाही. मला हे फार सुंदर वाटतं.

११. झीज वाचायला शिका

पहिल्या दिवशी माझ्या हातावर ठेवलेलं ते नाणं त्या वृद्ध गृहस्थांनी गेल्या वर्षी मला दिलं. ते हेड्रियनचं सेस्टर्शियस आहे. दाढीच्या कडेवरून आणि मानेच्या रेषेवरून ओळखू येतं. गाल सपाट, केस सपाट, मागच्या देवतेची फक्त आकृती.

झिजण्यालाही क्रम असतो. उंच असेल ते आधी जातं, म्हणजे गाल, कानावरचे केस, देवतेचा गुडघा. खोल असेल ते उरतं. हेड्रियनच्या काळची सेस्टर्शियस तिसऱ्या शतकात पुरलेल्या ठेव्यांत सापडतात. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं ती हातोहात फिरत होती. या नाण्याला मातीने खाल्लेलं नाही, त्याचा गुळगुळीतपणा बोटांचा आहे. भाकरी घेणारी बाई, वाईन ओतणारा, पगार मोजणारा कारकून, आणि माझ्यासारखा कुणी रोखपाल, ज्याने ते मोजलं आणि पुढे दिलं.

टांकसाळीचा घाव एका क्षणाचा. त्यानंतरचं सगळं काम लोकांनी केलं. सम्राटाने आपला चेहरा दिला आणि लाखो अनाम अंगठ्यांनी तो हळूहळू परत घेतला. नाण्याचे लेखक दोन, एक छाप मारणारा आणि एक झिजवणारा. पहिल्याचं नाव काठावर लिहिलेलं असतं. दुसऱ्याचं वाचायला बोट लागतं.

परवा नातवाने ते नाणं हातात घेऊन विचारलं, “आजी, याच्यावर काहीच दिसत नाही. मग हे चांगलं कसं?” मी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि त्याचा अंगठा नाण्यावर ठेवला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “इथे खूप लोक होते.”

बत्तीस वर्षं मी अशी नाणी ज्या पिशवीत टाकत होते, त्या पिशवीत काय होतं ते त्याने मला सांगितलं.